जग वाचवायचं नसलेल्या एका गेमबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलं आणि गेम या विषयावर तुम्ही पानभर छापलं होतं, ते मी दोनदा वाचलं. त्यातलं बरंचसं खरंय. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, पहिल्या तासाला डोळे लाल करून बसलेली पोरं रोज बघते, रात्री दोनपर्यंत गोळ्या झाडत बसलेली असतात हे त्यांच्याच तोंडून कळतं. त्यामुळे लेखाशी माझं भांडण नाही. पण अख्ख्या पानात अशा एकाही गेमचं नाव नव्हतं की जो खेळल्यावर माणसाला शांत वाटतं, आणि असे गेम आहेत हो, पुष्कळ आहेत, त्यातल्या एकाबद्दल मला सांगायचंय म्हणून हे पत्र.

जपानमध्ये नागानो भागात 1993 साली गस्ट नावाची छोटी कंपनी सुरू झाली, पुढे ती कोएई टेक्मो या मोठ्या कंपनीत गेली. त्यांची अटेलिए म्हणून मालिका आहे. अटेलिए म्हणजे कारागिराची खोली, वर्कशॉप म्हणा. पहिला गेम 1997 साली प्लेस्टेशनवर आला, अटेलिए मारी. त्या काळात रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपण गोष्टीतलं एक पात्र होऊन खेळायचा गेम, म्हटलं की तलवार घ्या, राक्षसाच्या राजाला मारा, जग वाचवा, हेच चाललेलं. आणि या लोकांनी जपानमध्ये जाहिरातच अशी केली की जग वाचवणं आता बंद! मारी ही किमयाशाळेतली (किमया म्हणजे साध्या धातूचं सोनं करायची जुनी विद्या) सगळ्यात मागे पडलेली विद्यार्थिनी, तिच्या मॅडम इंग्रिड तिला एक वर्कशॉप देतात आणि सांगतात की पाच वर्षं घे, काहीतरी चांगलं बनवून दाखव, मग पास करते. बास, एवढीच गोष्ट. शिक्षक म्हणून मला ती फार आवडते, नापास होणाऱ्या पोरीच्या हातात कुणीतरी खोलीची किल्ली आणि वेळ दिला, पुन्हा तोच पेपर नाही दिला.

आता किमया हा शब्द. तो आपल्याकडे अरबीतून आला, अल-कीमिया, आणि त्याच मुळापासून पुढे केमिस्ट्री झाली, म्हणजे माझा विषय आणि या गेममधल्या मुलींचा विषय एकाच घरातले. वर्गात मी हेनिग ब्रांड नावाच्या किमयागाराची गोष्ट सांगते, 1669 साली हॅम्बर्गमध्ये तो सोनं मिळेल म्हणून बादल्याच्या बादल्या लघवी उकळत बसला आणि हाती लागला अंधारात चमकणारा फॉस्फरस. पोरं हसतात पण फॉस्फरस जन्मात विसरत नाहीत. आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्रातसुद्धा पाऱ्यावरचे अठरा संस्कार आहेत, पारा आणि गंधक खलात घोटत राहिलं की काळीकुट्ट कज्जली होते. आणि परीस तर आपल्या सगळ्या संतांच्या तोंडी. पण गंमत अशी की या गेममधल्या मुली सोन्याच्या मागे नसतातच. त्या बनवतात मलम, कागद, साबण, पाव, पाय. हो, ओव्हनमध्ये भाजायचा सारण भरलेला पाय, रोरोना नावाच्या मुलीला त्याचं वेडच आहे. शेजारणीला हवं ते औषध, कुणाची मोडलेली वस्तू, कुणासाठी भेट. सगळी विद्या अशी गावातल्या लोकांच्या कामी लागते.

मी स्वतः खेळले तो गेम म्हणजे 2019 चा अटेलिए रायझा. माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण नोकरीसाठी नेदरलँडला गेली आणि जाताना तिचा निन्टेंडो स्विच, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, मला देऊन गेली, म्हणाली तू एकटी पडशील गावात, हे ठेव. मी तोपर्यंत आयुष्यात गेम खेळलेले नव्हते. सहा महिने तो डबा कपाटात होता. मग एका पावसाळ्यात चार दिवस लाईट ये-जा करत होती, कॉलेजला सुट्टी, तेव्हा काढला.

रायझा ही कुर्केन नावाच्या बेटावरच्या शेतकऱ्याची मुलगी. बाप शेतात रमलेला, आई हिच्या नावाने ओरडतेय, आणि हिला शेतात काम करायचंच नाहीये, हिला बघायचंय पलीकडे काय आहे. तिचे दोन मित्र, लेंट आणि ताओ. लेंट धिप्पाड, पण घरी बाप दारुडा आणि त्यामुळे गावात त्याच्याकडेही वाकड्या नजरेने बघतात. ताओ भित्रा, चष्मेवाला, त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या आलेली जुनी पुस्तकं आहेत जी घरात कुणालाच वाचता येत नाहीत. तिघं एक दिवस होडी घेऊन गुपचूप पलीकडच्या किनाऱ्यावर जातात, जंगलात क्लाउडिया नावाची व्यापाऱ्याची मुलगी भेटते, मागे लागतं एक जनावर, आणि वाचवायला येतात एम्पेल आणि लिला असे दोन प्रवासी. एम्पेल एक बॉम्ब फेकतो जो त्याने किमयेने बनवलेला असतो, आणि रायझाचे डोळे जे चमकतात ना! मी वर्गात वीस वर्षांत असे डोळे फार तर सात-आठ वेळा बघितलेत, टायट्रेशनचा, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडून मोजायच्या प्रयोगाचा, रंग पहिल्यांदा बदलला की एखाद्या पोरीचे होतात तसे.

मी खेळत असताना आई शेजारी बसून भाजी निवडायची. जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं, आईला दोन्ही येत नाही, म्हणून मी मोठ्यानं मराठीत सांगत सांगत खेळायचे. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "अगं, आईबापाला शेतात मदत नको का करायला हिनं?" आणि तिसऱ्या दिवशी मी बाहेरून आले तर म्हणते, "त्या पोरीचं औषध झालं का काल अर्धं राहिलेलं?" किमया शिकलेली रायझा मोठ्या हंड्यात लांब दांड्याने ढवळते ते बघून आईला आमचं गुऱ्हाळ आठवलं, काहिलीतला रस असाच ढवळतात, आणि केव्हा उतरवायचा हे बघण्याची तिच्या वडलांची पद्धत तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. चाळीस वर्षांत कधी निघाली नव्हती ती गोष्ट आमच्या घरात.

खेळायचं काय तर रानात हिंडायचं आणि सामान गोळा करायचं. कोयता, कुऱ्हाड, हातोडा, फुलपाखरं पकडायची जाळी, मासे धरायचा गळ. आणि एकाच झाडाला कोयता लावला तर एक वस्तू मिळते, कुऱ्हाड लावली तर दुसरी, जाळी फिरवली तर तिसरी. मग ते सगळं घरी आणून हंड्यात घालायचं. स्क्रीनवर गोल गोल कड्या येतात, अग्नी, बर्फ, वीज, वारा अशा चार तत्त्वांच्या, त्यात कुठलं सामान कुठे टाकायचं हे आपण ठरवायचं, एक कडी भरली की पुढची उघडते, कधीकधी एक वस्तू बनवता बनवता भलत्याच दुसऱ्या वस्तूची रेसिपी सापडते. माझे पहिले प्रयोग सगळे वाया गेले कारण मी येईल ते सामान कोंबत होते, मग कळलं की कच्च्या मालाचे गुण तयार वस्तूत उतरतात, चांगल्या पाण्याचं औषध वेगळं आणि डबक्यातल्या पाण्याचं वेगळं. ही खरी केमिस्ट्री नाहीये, तसा दावा मी करणार नाही. पण निवडून घ्या, मोजून घाला, चुकलं तर पुन्हा करा, ही जी लॅबमधली सवय मी पोरांच्या अंगी बाणवायला वर्षभर घसा फोडते ती यात आपोआप लागते.

लढाई आहे का, आहे. निळ्या जेलीसारखे गोळे असतात पुनी म्हणून, त्यांना काठीने धोपटायचं असतं, पुढे मोठी जनावरंही येतात, आणि लढाई चालू असताना वेळ थांबत नाही त्यामुळे माझी सुरुवातीला तारांबळ उडायची. पण अवघडपणा कमी करायची सोय आहे, मी बिनदिक्कत कमी केला.

आणि मला न पटलेलं पण सांगते, कारण पालक हे पत्र वाचतील. मुलींचे कपडे. रायझाची आखूड चड्डी आणि कॅमेरा ज्या पद्धतीने फिरतो ते मला खटकलं आणि आजही खटकतं, रानावनात काट्याकुट्यात हिंडणारी शेतकऱ्याची मुलगी असे कपडे घालणार नाही. लहान मुलांना द्यायच्या आधी आपण बघून घ्यावं. शिवाय गेमची किंमत भारी असते आणि वर जादा कपडे वेगळे पैसे घेऊन विकतात, ते घ्यायची काही गरज नाही, मी गेमही थांबून सेलमध्ये घेतला.

मालिकेत वीसपेक्षा जास्त गेम आहेत, आणि आधीच्या बऱ्याच गेममध्ये डोक्यावर तारीख लटकत असायची. 2009 च्या रोरोनाला तीन वर्षांत बारा कामं करून दाखवायची असतात, दर तीन महिन्यांना एक, नाहीतर वर्कशॉप बंद. 2015 च्या सोफीमध्ये ती तारीख नाही आणि रायझालाही ती नाही. 2023 साली मारीचा गेम नव्याने केला तेव्हा त्यातही पाच वर्षांची अट नको असेल तर नको अशी सोय दिली. मला विचाराल तर दोन्हीत मजा आहे, पण माझ्या बारावीच्या पोरांना मी सोफी आणि रायझा सांगेन, त्यांच्या डोक्यावर तारखा आधीच खूप आहेत.

रोरोनाचं अजून एक. पुढच्या गेममध्ये ती स्वतः गुरू झालेली असते आणि तिला शिकवताच येत नाही! हे असं घालायचं, मग असं गरगर करायचं, असलं काहीतरी सांगते, कुणालाच कळत नाही, फक्त टोटोरी नावाच्या एका मुलीला कळतं. मग त्यापुढच्या गेममध्ये टोटोरी मेरुरूला शिकवते. गेममध्ये अशी तीन पिढ्यांची गुरु-शिष्य परंपरा असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आता मैत्रीचं. या गेममध्ये मैत्री भाषणातून होत नाही. लिला लेंटला लढायला शिकवते, एम्पेल ताओला त्या जुन्या पुस्तकांची लिपी वाचायला शिकवतो, क्लाउडिया बासरी वाजवते पण बापापासून लपवते आणि पहिल्यांदा वाजवते ती या मित्रांसमोर. आणि रायझा काय करते, तर ज्याला जे लागतं ते हंड्यातून बनवून देते. जंगलात सगळे मिळून एक अड्डा करतात, त्याचंच नाव गेमच्या पूर्ण नावात आहे. गावात बॉस नावाचा एक मुलगा आहे, ज्याच्या घराच्या हातात गावचं पाणी आहे, आणि ज्याच्या हातात पाणी त्याच्या हातात गाव हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. त्या पाण्याच्या मागे जुन्या काळच्या किमयागारांच्या हावरटपणाची एक गोष्ट आहे, ती सांगत नाही, स्वतः खेळून बघा, विद्या तीच पण हावेने वापरली की काय होतं ते त्यात फार चांगलं दाखवलंय.

शेवट मात्र सांगावा लागतोय, माफ करा. शेवटी सगळे जातात. लेंट फिरायला निघतो, ताओ शिकायला राजधानीला जातो, क्लाउडिया बापाबरोबर निघते, बॉससुद्धा जातो, त्याच्याशी तोवर जमलेलं असतं. आणि ज्या मुलीला पहिल्या दिवसापासून बेट सोडून जायचं होतं ती रायझा मागे राहते. राहते कारण तिला तिथे काम दिसलेलं असतं. मी त्या रात्री खूप रडले. आमच्या दहावीच्या वर्गातल्या मैत्रिणींपैकी गावात आज मी एकटी आहे, आणि लोक मला विचारतात तेव्हा असं विचारतात की जणू मला कुठे जायला जमलंच नाही. मी राहिले, ठरवून राहिले, हे कुणी इतक्या प्रेमाने मांडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. रात्री साडेअकराला मी मैत्रिणीला फोन केला, तिच्याकडे संध्याकाळ होती, आणि आम्ही दोघी दोन तास बोललो, त्याआधी तीन महिने आमचं नीट बोलणंच झालं नव्हतं.

म्हणून संपादकांना माझी विनंती आहे. तुम्ही दर शुक्रवारी सिनेमांची परीक्षणं छापता, नाटकांची छापता, पुस्तकांना पान आहे. आठवड्यातून अर्धा कॉलम गेमला द्या. व्यसनाबद्दल लिहा, जरूर लिहा, पण कुठला गेम कुठल्या वयाला बरा, त्यात गोष्ट काय, खटकणारं काय, हे खेळून बघितलेल्या माणसाकडून मराठीत लिहून घ्या. पालक मीटिंगला माझ्याकडे येऊन विचारतात, मॅडम पोराच्या हातातला गेम काढून घेऊ का. मी विचारते कुठला खेळतो, तर एकालाही सांगता येत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांना वाचायला काही मिळतच नाही.

पत्र लांबलं, छापताना कापावं लागेल ते मला कळतं. माझ्या गावाचं आणि माझं कापलंत तरी चालेल, पण एक गोष्ट राहिलीय ती तेवढी ठेवा. मारीच्या त्या पहिल्या गेममध्ये तिची लहानपणीची मैत्रीण शिया आजारी असते. मारीला पास व्हायला शियाची काही गरज नसते, परीक्षेचं काम वेगळं करता येतं. पण अवघड असं एक औषध आहे, एलिक्सर, ते शिकली आणि बनवलं तर शिया बरी होते.

आपली नियमित वाचक,
एक केमिस्ट्री शिक्षिका,
जि. कोल्हापूर