‘कै.’ नव्हे, आणि वैकुंठही नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान सहावर, निधनवार्तांमध्ये, खालून दुसरी बातमी. साडेचार ओळींची. वाचली आणि चहा तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत राग निवेल म्हणून थांबले. निवला नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

‘गुरुवार पेठेतील जुन्या सुईण कै. अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पार्थिवावर वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार करण्यात आले.’ नाव इथे पुन्हा लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणायचो आणि त्याच नावाने पेठेतली तीन पिढ्यांची माणसं त्यांना ओळखतात.

सिस्टरबाई ख्रिस्ती होत्या. त्यांच्यात माणूस ख्रिस्तवासी होतं, कैलासवासी नाही. शनिवारी दुपारी सोलापूर रस्त्यावरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मातीत ठेवलं. मी तिथे उभी होते, मूठभर माती मीही टाकली. वैकुंठात त्यांचं कोणीही गेलेलं नाही. त्यांच्या नातवाने आपल्या कार्यालयात नेऊन दिलेल्या कागदाची प्रत मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यात ‘ख्रिस्तवासी’ होतं, ‘परिचारिका व प्रसाविका’ होतं, दफनविधी कुठे झाला तेही होतं. म्हणजे आपल्याकडे बरोबर माहिती आली होती आणि कोणीतरी ती पुसून नेहमीचा मजकूर त्यावर चढवला. वेळ नव्हता, जागा नव्हती, ही कारणं मी ऐकणार नाही. ‘वैकुंठ’ लिहायलाही जागा लागतेच.

‘सुईण’ शब्दाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तो शब्द मला हलका वाटत नाही. माझ्या आजीची सगळी बाळंतपणं सुईणीनेच केली. पण सिस्टरबाई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकल्या होत्या, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली काढलेल्या. परीक्षा देऊन, रात्रपाळ्या करून त्यांनी ते प्रमाणपत्र मिळवलं होतं. ते त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर होतं, शेजारी येशूची तसबीर. डॉक्टर गेले तर आपण त्यांच्या सगळ्या पदव्या छापता. हिने काय कमी शिक्षण घेतलं होतं?

आता पुराचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

१२ जुलै १९६१. मी नऊ वर्षांची. आम्ही नारायण पेठेत, नदीच्या अंगाला राहायचो. पानशेतचं धरण फुटलं आणि पाणी चढायला लागलं, तेव्हा आईला नववा महिना सुरू होता. वडिलांनी तिला हातगाडीवर बसवून सदाशिव पेठेत आत्याच्या वाड्यात आणलं, वरच्या मजल्यावर. आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी. रात्री कळा सुरू झाल्या. वीज नाही, नळाला पाणी नाही, कुठला रस्ता चालू आहे हे सांगायला कोणी नाही. वडील सायकल काढून गुरुवार पेठेत गेले आणि सिस्टरबाईंना कॅरिअरवर बसवून घेऊन आले. पांढरं पातळ, मांडीवर चामडी बॅग. त्या तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि घरी स्वतःची दोन लहान मुलं शेजारणीकडे झोपवून आल्या होत्या.

आल्या आल्या त्यांनी लाकडी तुतारी आईच्या पोटाला लावली आणि दुसऱ्या टोकाला कान. बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. ठोके बेंबीच्या वर लागत होते. डोकं वर आहे, त्या म्हणाल्या, मूल पायाळू आहे. आजी रडायलाच लागली. तिला त्यांनी आडाचं पाणी उकळायला पिटाळलं, कात्री आणि नाळ बांधायचा दोरा त्यात टाकायला सांगितला, आणि कंदील माझ्या हातात दिला. “हात हलू देऊ नकोस. भीती वाटली तर माझ्या हातांकडे बघ, आईच्या तोंडाकडे बघू नकोस.”

मी बघत राहिले. आणि ते हात काहीच करत नव्हते! बाळाचे पाय आले, कंबर आली. “ओढा हो, ओढा,” म्हणून आजीचा आकांत चाललेला. सिस्टरबाईंनी बाळाच्या कंबरेभोवती वडिलांचं कोरडं धोतर गुंडाळलं आणि पाठ वरच्या अंगाला राहते आहे ना, एवढंच बघत बसल्या. ओठ हलत होते, प्रार्थना चालली असावी. कितीतरी वर्षांनी मी त्यांना त्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, पायाळू मूल ओढलं की त्याचे हात डोक्यामागे वर जातात, हनुवटी उचलली जाते आणि डोकं अडकतं. मानेवरच्या केसांची रेघ दिसेपर्यंत थांबायचं. “ओढायला कोणालाही येतं गं. थांबायला शिकण्यात माझी मिरजेची वर्षं गेली.”

बाळ आलं ते काळंनिळं, मुकं. त्यांनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, मग स्वतःचं तोंड त्याच्या नाकातोंडावर ठेवून अगदी हलक्या, गालात मावतील एवढ्याच फुंकरी घातल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझ्या हाताला कंदिलाची धग लागत होती ती आठवते. मग तो रडला. तो माझा भाऊ. आज चौसष्ट वर्षांचा आहे आणि शनिवारी त्यानेही शवपेटीला खांदा दिला.

त्या पहाटे उकळलेलं पाणी एकाच लोटीत होतं आणि आम्ही सगळे त्याच लोटीने प्यायलो, आजीसुद्धा. पण सगळं सुरळीत झाल्यावर सिस्टरबाई बाळाला बघायला यायच्या, तेव्हा आजी त्यांना चहा वेगळ्या कपातून द्यायची. कान तुटलेला कप, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. १८९० साली गोपाळराव जोश्यांनी गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्यांना चहाला बोलावलं, त्यावरून गावात केवढा गहजब झाला, प्रायश्चित्तं घ्यावी लागली, हे आम्हाला शाळेत गोष्टीसारखं सांगायचे. त्याच पंचहौदापासून दोन मिनिटांवर राहणाऱ्या बाईचा कप एकाहत्तर वर्षांनंतर आमच्या घरात निराळा होता. एक दिवस आईने तो मोरीत आपटला. “निसटला हातातून,” असं तिने आजीला सांगितलं. मी दारात उभी होते. निसटला नव्हता. त्यानंतर सिस्टरबाईंना आमच्याच कपातून चहा मिळायला लागला. त्या त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. येताना तोच “सलाम, वहिनी” आणि जाताना तोच सलाम.

‘कै.’ हे एक अक्षर वाचून मला तो कप आठवला, संपादक महोदय. तेव्हा त्यांना त्यांच्या धर्मासाठी बाहेर ठेवलं, आणि आता तो धर्मच त्यांच्याकडून काढून घेतला.

त्या आई म्हणून कशा होत्या हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, त्यांच्या मुलांचा आहे. यजमान तरुणपणीच गेले आणि महापालिकेच्या सूतिकागृहातल्या नोकरीवर त्यांनी दोन्ही मुलं वाढवली. नाताळच्या फराळाचं ताट आमच्याकडे दर वर्षी यायचं, करंज्या, शंकरपाळे आणि केकचे चार तुकडे, पण बहुतेक वेळा ते मुलगी घेऊन यायची, कारण आई कुठेतरी बाळंतपणात अडकलेली असायची. शनिवारी दफनविधीनंतर मुलगा मला म्हणाला, “नाताळ म्हटलं की आम्हाला आई दारात येण्याची वाट बघणं आठवतं. ती आल्याशिवाय आम्ही केक कापत नसू.” तक्रार म्हणून म्हणाला नाही. पण आपल्या सगळ्यांच्या घरी पेढे वाटले जात होते तेव्हा ती दोन मुलं वाट बघत बसलेली असायची, ही गोष्ट मला सत्तरी उलटल्यावर कळली, याचं मला वाईट वाटतं.

त्याने मला त्यांच्या वह्या दाखवल्या. पाठकोऱ्या कागदांच्या, दोऱ्याने शिवलेल्या. प्रत्येक जन्माची एक ओळ. माझ्या भावाचीही सापडली: ‘१३ जुलै, पहाटे २.४०. मुलगा. पायाळू. उशिरा रडला. आई ठीक. पाणी नाही.’ आम्ही जन्मभर त्याचा वाढदिवस १२ तारखेला केला, शाळेच्या दाखल्यावरही तीच तारीख आहे. घरच्यांनी पुराची तारीख लावून टाकली. खरी तारीख फक्त त्यांनी लिहून ठेवली होती. जी बाई मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात घड्याळ बघून वेळ टिपते, तिच्या मरणाची बातमी आपल्याला दिवसाउजेडी बरोबर छापता येऊ नये?

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. १२ मेला परिचारिका दिनाची आपली पुरवणी निघते. त्यात मोठमोठ्या रुग्णालयांच्या जाहिराती असतात आणि एकाही नर्सचं मनोगत नसतं. त्याच्या आठवडाभर आधी, ५ मेला, जागतिक प्रसाविका दिन असतो. त्या दिवशी आपल्या अंकात मी एक ओळही कधी वाचलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात शंभरातली पंचवीसहून अधिक बाळंतपणं सिझेरियनने झाली. ज्यांना गरज आहे त्यांचं सिझेरियन व्हायलाच हवं, सिस्टरबाई स्वतः अडलेल्या बाईला वेळेवर मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या. पण थांबणारे हात कुठे गेले? केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, अठरा महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. आपल्या शहरात त्याचं पुढे काय झालं, यावर एक बातमीदार पाठवा ना. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या सुनेला गेल्या पावसाळ्यात एका सरकारी प्रसूतिगृहातून रात्री एक वाजता ‘डॉक्टर नाहीत, दुसरीकडे न्या’ म्हणून परत पाठवलं. कळा चालू असताना, रिक्षातून. तिथे एक सिस्टरबाई असती तर तिने आधी पोटावर कान ठेवला असता.

माझी मागणी साधी आहे. दुरुस्ती छापा, आणि ती पान सहावरच, त्याच सदरात छापा. ख्रिस्तवासी. परिचारिका व प्रसाविका. दफनविधी, सोलापूर रस्ता. पूर्ण नावाने. मूळ कागद आपल्या कार्यालयात आहे, नसेल तर मी प्रत घेऊन येते.

येत्या रविवारी सकाळी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, स्मरण उपासना आहे. मी आणि माझा भाऊ जाणार आहोत. मुलगा कात्रणं जपून ठेवणारा आहे, पण कालचं त्याने कापलेलं नाही. शनिवारपर्यंत दुरुस्ती आली तर मी ती स्वतः कापून त्याच्याकडे नेईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नारायण पेठ, पुणे