वजनाबरोबर लाकडाचे वयही पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शेताच्या बांधावर निलगिरी व सुबाभूळ लावून कागद गिरणीला विकण्याविषयीचा आपल्या शेती पुरवणीतील लेख वाचला. रोपांपासून तोडणीच्या मजुरीपर्यंत सगळा हिशेब त्यात आहे. झाड कोणत्या वयात तोडावे याबद्दल मात्र ‘जितके लवकर तितके बरे’ एवढेच म्हटले आहे. लगद्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेल्या मला ते पटले नाही.

कागद बनतो तो लाकडातील बारीक, पोकळ तंतूंचा. निलगिरीचा तंतू जेमतेम मिलिमीटरभर लांब, बांबूचा साधारण त्याच्या दुप्पट. परंतु एकाच झाडात गाभ्याजवळचा, म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार झालेला तंतू सालीलगतच्या तंतूपेक्षा आखूड आणि पातळ भिंतीचा असतो. कोवळे लाकूड हलके, त्यात सालीचे प्रमाण जास्त आणि सेल्युलोज, म्हणजे तंतूंचे मुख्य द्रव्य, कमी, त्यामुळे डायजेस्टरमध्ये, म्हणजे लाकूड शिजवण्याच्या बंद भांड्यात, कास्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावात ते शिजवले की टनामागे लगदा कमी उतरतो. आम्ही नमुन्याचे कागद हाताने बनवून फाडून पाहत असू. कोवळ्या लाकडाचा कागद गुळगुळीत, ओढला तर सहजी न तुटणारा. पण कडेला बारीकशी चीर दिली की सर्रकन फाटत जाई. पातळ तंतू चपटे होऊन एकमेकांना घट्ट चिकटतात खरे, पण आखूड असल्याने चीर अडवू शकत नाहीत. वहीच्या कागदाला हे चालून जाते, सिमेंटच्या पिशवीला नाही.

झाड जुने तितके चांगले, असेही नव्हे. फार वाढलेल्या झाडाचा गाभा गडद व टॅनिनसारख्या द्रव्यांनी भरलेला असतो. त्यात द्राव नीट मुरत नाही आणि लगदा उजळायला रसायने जास्त लागतात. बांबूचा वास्ता, म्हणजे नवा कोंब, तर एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, तंतूंच्या भिंती भरायला मात्र पुढची दोन-तीन वर्षे घेतो. म्हणून जाणता कापणारा उंचीला न भुलता अंगावर पांढुरकी भुकटी असलेला, म्हणजे अजून कोवळा, बांबू बेटात तसाच ठेवतो.

माझ्या पाहण्यात गिरणीच्या काट्यावर वजन आणि ओल एवढेच विचारात घेतले जाई, वय कोणी विचारत नसे. पण हलके लाकूड वजनालाही कमीच भरते, तेव्हा दोन वर्षांत करवत लावणाऱ्या शेतकऱ्याचेही त्यात नुकसान आहे. पुढील लेखात प्रत्येक जातीपुढे तोडणीचे योग्य वयही छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, चंद्रपूर