बाबा, मी मागच्या बाकावर काहून बसते

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बाबा तुम्ही म्हणाले ना, "मुख्याध्यापकानं आफिसात बसावं, पोट्ट्यांच्या मागं बाकावर काय बसून राहते तू, मास्तर लोकांना वाटत असंल बाई पाळत ठेवून राहिली," अन् तेवढ्यात फोन कट झाला. रेंज गेली का तुम्ही ठेवला माहीत नाही, पण ते माझ्या डोक्यात घोळून राहिलं, फोनवर दोन मिनिटात सांगता येण्यासारखं नाही म्हणून हे लांबलचक टाईप करून पाठवते. दादाकडून वाचून घ्या, ऑपरेशन झाल्यावर मोबाईल डोळ्यासमोर धरायचा नाही असं डॉक्टरनं सांगितलं आहे. आई, तू लक्ष ठेव, ते ऐकणार नाहीत.

आमचं सगळं बरं आहे. थंडी सुरू झाली नागपुरात, सकाळी स्कूटीवर हात गारठतात. संत्र्याच्या अंबिया बहाराचा तोडा झाला का? व्यापाऱ्यानं भाव पाडला असं दादा म्हणत होता, तो दरवर्षीच पाडते.

आता मुद्द्याचं. तुमच्या शाळेत तपासणी कशी यायची ते मला चांगलं आठवते. दोन दिवस आधीपासून चुना मारणं, दारात रांगोळी, तक्ते धूळ झटकून भिंतीवर, टाचणवही रात्री जागून पूर्ण. हुशार पोरं पुढच्या रांगेत अन् ज्याला वाचता येत नाही त्याला त्या दिवशी घरीच ठेवा असं हळूच सांगणं. साहेब यायचे, एका पोराला पाढा विचारायचे, चहा प्यायचे, शेरेबुकात "अध्यापन समाधानकारक" लिहून निघून जायचे. बाबा, खरं सांगा, त्या शेऱ्यानं तुमचा एक तरी तास सुधारला का हो? तुम्हीच म्हणायचे की साहेब गेले का शाळा सुरू होते.

म्हणूनच मला चक्कर मारणाऱ्या मुख्याध्यापकाचं काम नाही करायचं. अन् हे फक्त माझ्या मनाचं नाही. 2013 चा एक अभ्यास आहे अमेरिकेतला, मायामी भागातल्या सरकारी शाळांचा. जवळपास 100 मुख्याध्यापकांसोबत दिवसभर माणसं फिरवली, ते काय काय करतात ते नोंदवून घेतलं अन् पोरांच्या निकालाशी ताडून पाहिलं. तर निघालं काय, की शिक्षकासोबत बसून त्याच्या शिकवण्यावर बोलण्यात ज्यांचा वेळ गेला त्यांच्या शाळेतली पोरं गणितात जास्त पुढे गेली, आणि नुसतं वर्गावर्गात डोकावत फिरणाऱ्यांचं उलटंच दिसलं, निकाल थोडा खालीच. आता चक्कर मारल्यामुळेच निकाल पडला असं कोणी छातीठोकपणे म्हणत नाही, पण डोकावून काही होत नाही एवढं तर कळते. न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन यांनी पण 2008 मधे असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले होते, मुख्याध्यापक जे जे करतो त्यातलं पोरांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त कशाचा परिणाम होतो म्हणून, तर शिक्षकांच्या शिकण्यात तो स्वतः बसतो का, हे सगळ्यात वर आलं. शिबिराला शिक्षकांना पाठवून आपण सह्या करत बसायचं, ते नाही.

बरं, मागच्या बाकावर बसून दिसते काय, ते एक सांगते, तुम्हाला आवडेल.

आमच्या तिसरीच्या मॅडम खूप मेहनती आहेत, आवाज एकदम खणखणीत, फळा सुंदर. हातच्याची वजाबाकी चालू होती, फळ्यावर 52 वजा 27. बारातून सात गेले किती? पाऽऽच. मग चारातून दोन? दोऽऽन. उत्तर पंचवीस. समजलं का? होऽऽ मॅडम! दारातून कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं वर्ग एक नंबर चालला आहे. मी मागे एका पोट्ट्याच्या बाजूला बसले होते, बाप ई-रिक्षा चालवते त्याचा, कळमन्याकडे. यानं वहीत पुढचं उदाहरण सोडवलं, 61 वजा 38, उत्तर लिहिलं 37. त्याच्या पुढचं 43 वजा 19, तिथं लिहिलं 36. मी हळूच विचारलं, हे सात कसे आले रे? म्हणे आठातून एक गेला मॅडम. मी म्हटलं, वर तर एक आहे ना. तर तो मलाच समजावून सांगते, एकातून आठ कसे जातील मॅडम, म्हणून उलटं केलं. म्हणजे बाबा, पोरगा आळशी नाही, लक्ष नाही असंही नाही, त्यानं स्वतःचा एक नियम तयार केला आहे, मोठ्यातून लहान घालवायचा, अन् तो नियम तो इमानदारीनं प्रत्येक गणितात पाळून राहिला. त्या "होऽऽ मॅडम" मधे त्याचा पण आवाज होता. मग मी आजूबाजूच्या वह्या पाहिल्या, तर बऱ्याच जणांचं हेच.

मॅडमना आफिसात नाही बोलावलं मी, आफिसात बोलावलं की माणूस आधी बचावाचं बोलते. मधल्या सुट्टीत खिचडीची लाईन लागली होती तेव्हा वऱ्हांड्यात दोन खुर्च्या टाकून बसलो, त्या पोराची वही पुढे ठेवली अन् एवढंच विचारलं की यानं हे कसं केलं असंल. मॅडमनी दोन उदाहरणं पाहिली, तिसरं पाहिलं, अन् एकदम म्हणाल्या, अरे हा तर सगळीकडे उलटं करून राहिला! पुढचं मला काही सांगायची गरजच पडली नाही. दोन दिवसांनी त्यांनी खराट्याच्या काड्या आणल्या, दहा-दहाच्या जुड्या, वर रबर. पाच जुड्या अन् दोन सुट्ट्या काड्या त्या पोट्ट्याच्या हातात दिल्या अन् म्हणाल्या, मला यातल्या 27 दे. त्यानं दोन जुड्या दिल्या, सुट्ट्या दोन दिल्या, मग अडला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अन् हळूच एका जुडीचं रबर काढलं. मॅडम काहीच बोलल्या नाहीत त्या वेळी, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

तुम्ही पऱ्हाटीच्या काड्या न्यायचे ना शाळेत, आई ओरडायची की चुलीचं सरपण पळवते हा माणूस. मी मॅडमना सांगितलं, माझे बाबा हेच करत होते, तेव्हा त्या म्हणे मग सरांना एकदा शाळेत आणा.

बोलायचं थांबणं हे पण शिकायला लागते. मेरी बड रो म्हणून अमेरिकेतल्या एक बाई होत्या, त्यांनी 1970 च्या आसपास वर्गातल्या आवाजाच्या टेप ऐकून काढलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, अन् एरवी गप्प बसणारी पोरं पण बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही वाटते, पण वर्गात उभं राहून थांबून पहा, जीव जाते. आमच्या सातवीच्या सरांनी विज्ञानाच्या तासाला सुरू केलं, मनात एक-दोन-तीन म्हणतात, ओठ हलताना दिसतात मला मागून. आधी एकच पोरगी उत्तर द्यायची, आता खिडकीजवळच्या रांगेतून पण हात वर येते.

सगळ्यांना पटलं असं समजू नका. एक सीनियर सर आहेत, त्यांनी तोंडावर सांगितलं, मॅडम मला काय शिकवणार तुम्ही, तुमच्या आधीपासून खडू हातात आहे. मी म्हटलं, बरोबर आहे सर, मग आधी तुम्हीच माझा तास पहा. त्यांच्याच पाचवीवर मी अपूर्णांक घेतला अन् ते मागं बसले, पेन काढून, चष्मा पुसून, पानभर लिहिलं माझ्याबद्दल, इतक्या आवडीनं की काही विचारू नका. त्यानंतर आठ दिवसांनी स्वतःच म्हणाले, उद्या या माझ्या तासाला. जपानमधे तर हे शंभर वर्षांपेक्षा जास्त जुनं आहे, एक शिक्षक शिकवतो, बाकीचे बसून पोरांकडे पाहतात, मग सगळे मिळून त्या एकाच तासावर बोलतात. आम्ही शनिवारी पोरं गेली की करतो, चहा अन् तर्री पोहा माझ्याकडून, त्यामुळे हजेरी चांगली असते.

आणि तो दुपारचा एक तास तुम्हाला सांगायचा राहिलाच. तिसरी ते पाचवीची पोरं त्या तासाला इयत्तेप्रमाणे नाही बसत, वाचता किती येते त्याप्रमाणे बसतात, अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, गोष्ट वाचणारे एकीकडे. 'प्रथम' नावाची शिक्षणात काम करणारी संस्था आहे, तिची पद्धत आहे ही, अन् ज्या अभिजित बॅनर्जी अन् एस्थर डुफ्लो यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांनी ती वर्षानुवर्षं तपासून पाहिली आहे. पोरांना वाचता-गणित किती येते ते पाहणारं 'असर' नावाचं सर्वेक्षण असते ना, त्याच्या 2024 च्या अहवालात देशभरातल्या गावांमधल्या सरकारी शाळांत तिसरीच्या पोरांपैकी दुसरीचा उतारा वाचता येणारे फक्त 23.4 टक्के निघाले, 2022 मधे तर 16.3 होते. ते सर्वेक्षण गावांचं आहे, शहराचं नाही, पण आमच्या तिसरीत बसलं की काही फार वेगळं वाटत नाही. आमच्याकडे अर्धी पोरं घरी हिंदी नाहीतर छत्तीसगढी बोलतात. पाचवीतल्या पोराला बाराखडी येत नसंल अन् आपण त्याला पाचवीचं पुस्तक वाचून दाखवत राहिलो तर तो नुसता बसून राहते, वर्षभर.

आई विचारते की घरी यायला उशीर काहून होते. ते वर्गात बसल्यामुळे नाही गं, ते बाकीच्या कामामुळे. यू-डायस म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारी पोर्टलवर भरा, प्रत्येक पोराचा अपार नावाचा ओळख क्रमांक काढा, आधार जुळत नाही तो जुळवा, पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम अन् सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धरून रोज हिशोब लावा, अन् संध्याकाळी चार वाजता मेसेज येते की माहिती आजच्या आज एक्सेलमधे पाठवा, तीच माहिती जी मागच्या महिन्यात पाठवली होती. त्यात मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती अन् निवडणूक सोडून दुसरं काम शिक्षकाला द्यायचं नाही असं लिहिलं आहे, अन् आठवड्याचे 45 तास मोजताना तयारीचा वेळ धरून मोजा असंही लिहिलं आहे. तयारीचा वेळ कोणी विचारलाय का आजपर्यंत तुम्हाला बाबा? त्यात 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांना दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायचीच आहे, तर स्टाफरूममधे अर्धे जण गाईड घेऊन बसलेले असतात. पन्नाशीला आलेल्या माणसाला परीक्षेचं टेन्शन आहे त्याला मी कोणत्या तोंडानं म्हणू की आज तास असा घ्या. म्हणून घाई नाही करत.

तर मी एक नियम केला आहे, सकाळचे पहिले दोन तास फोन कपाटात. वरून कोणी फोन केला तर शिपाई सांगते, मॅडम वर्गावर आहेत. एकदा त्यावरून मला ऐकून घ्यावं लागलं, ऐकून घेतलं. कागदपत्रं संध्याकाळी पण होतात, पोरं संध्याकाळी नसतात.

बाबा, तुम्हाला तर हे पदच नाही मिळालं कधी. कायद्यात आजही पहिली ते पाचवीला 150 च्या वर पट असला तरच पूर्णवेळ मुख्याध्यापक, म्हणजे तुमच्यासारख्या दोन शिक्षकी शाळेत जो सीनियर त्याच्याच गळ्यात प्रभारी, पगार तोच, अन् दोन वर्गांना शिकवता शिकवता रजिस्टरं पण त्यानंच भरायची. तुमच्या मागच्या बाकावर कोणी बसलंच नाही. बसलं असतं तर त्या काड्यांचं दुसऱ्या शाळेतल्या मास्तरांना पण कळलं असतं, तेवढंच माझं म्हणणं आहे.

परवा शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग झाली, त्यात 75 टक्के पालक असावे लागतात अन् अर्ध्या बाया, पण बोलायचे तेच दोन-तीन पुरुष. यावेळी एक बाई बोलली, धुणीभांडी करते ती. म्हणे मॅडम, पोरगी वीसपर्यंत पाढे म्हणते पण पन्नासची नोट देऊन भाजी आणायला पाठवली तर परत किती आणायचे ते सांगता येत नाही तिला. सगळे हसले, मी नाही हसले, कारण ती तेच सांगत होती जे मी मागून पाहून राहिले आहे. तिला म्हटलं, तू ये एक दिवस वर्गात बसायला. येते म्हणाली सोमवारी, सुट्टी मिळाली तर.

आता एक काम आहे बाबा तुमच्याकडे. जुड्यांनी 52 वजा 27 जमलं पोरांना, पण आता शून्यावर गाडी अडली आहे. 402 वजा 178. दशकाच्या घरात काहीच नाही तर हातचा आणायचा कुठून, पोरं सरळ शतकातून एककात आणतात अन् मधलं शून्य तसंच ठेवतात, नाहीतर त्याचे दहा करतात अन् दहाच ठेवतात. मॅडमनी दोन तास घालवले, मला पण मार्ग नीट सुचला नाही. तुम्ही शंभराचा मोठा गठ्ठा करायचे का? तो सोडताना आधी दहा जुड्या मोकळ्या करायच्या अन् मग त्यातली एक, हे दोन टप्पे पोरांकडून कसे करून घ्यायचे? लिहायचं नाही, डोळ्याला त्रास होईल, दादाला व्हॉईस मेसेज करायला सांगा, सावकाश, तुम्ही वर्गात बोलायचे तसं. शनिवारच्या आधी पाठवा, शनिवारी सगळ्यांना ऐकवायचा आहे.

आई, थेंब दिवसातून चार वेळा, दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं. पुढच्या चेकअपला मी सुट्टी टाकली आहे, एसटीनं येऊ नका, दादाला गाडी घेऊन यायला सांगा.

तुमची,
ताई