शोधनिबंधाची सक्ती गेली. आता सहामाही आढावा खरा व्हावा

प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२च्या पीएच.डी. नियमावलीत काढून टाकली, हे कला शाखेसाठी योग्यच झाले. मोडी लिपीतली जुनी दफ्तरे लावून वाचण्यातच वर्ष-दोन वर्षे जातात. त्याआधी छापलेला निबंध घाईचा, कित्येकदा पैसे मोजून छापलेला असतो. मात्र दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडण्याचा नियम अनेक ठिकाणी सहीपुरता उरला आहे. किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट) सुरुवातीचा अभ्यासक्रम संपला की विद्यार्थी एकटा पडतो आणि विषयाचा आवाका झेपणारा नव्हता हे त्याला सहाव्या वर्षी, मुदत संपताना उमगते. समितीने दोन पानी अहवालावर समाधान न मानता तळटिपांसह लिहिलेले प्रकरणच मागावे.

— एक संशोधन मार्गदर्शक