व्हीआरचा चष्मा गेम खेळायलाच कशाला?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझी भाची दहावीत आहे. दिवाळीत ताप आला, ताप गेला पण गरगरणं काही गेलं नाही. सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर सरकत्या जिन्याच्या पायऱ्यांवरच्या रेघा दिसल्या की पोरगी कठडा पकडून उभीच, मागचे लोक चला ना चला ना करून राहिले तरी पाय उचलत नाही. बीपी, शुगर, एमआरआय सगळं नॉर्मल, मग नातेवाइकांचं सुरू की ऊन लागलं असेल, मोबाईल कमी कर, नाहीतर अभ्यास टाळायची नाटकं.

शेवटी एका डॉक्टरांनी नाव सांगितलं, पीपीपीडी, म्हणजे महिनोन्‌महिने टिकून राहणारं गरगरणं. कान, डोळे आणि पायांकडून येणारी माहिती जुळवून मेंदू तोल सांभाळतो. आजारपणानंतर कधीकधी तो डोळ्यांवरच जास्त भरवसा ठेवतो, मग गर्दी दिसली, मोबाईलवर स्क्रोल केलं की गरगरलंच. ३ महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस हे चालत असेल तर हे निदान होतं, चक्कर आणि तोलाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, बारानी सोसायटीने, २०१७ मध्ये त्याचे निकष ठरवलेत, म्हणजे नाटक वगैरे काही नाही.

यात घरी झोपून राहिलं की भीती उलट वाढते. इथे व्हीआर कामाचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट, तो चष्मा, चढवला की आपण खरंच तिथे आहोत असं वाटायला लावणारं आभासी दृश्य. हेडसेटमध्ये आधी मोकळा बगीचा, मग दुकान, मग भर बाजार, आधी बसून मग उभं राहून, थोडंसंच गरगरेल इतकंच दाखवायचं, ओसरू द्यायचं, मग पुढे जायचं. फिजिओथेरपिस्ट बटण दाबून गर्दी कमी करू शकतो, बर्डीच्या मेन रोडवर ते कोण करून देणार बाप्पा! नुसत्या हेडसेटने भागत नाही हेही खरं, तोल सांभाळायचे व्यायाम, समुपदेशन, काहींना गोळ्याही लागतात आणि मायग्रेनची चक्कर तर वेगळीच, म्हणून आधी तपासणी. घरी यूट्यूबवरचा रोलर कोस्टर लावून प्रयोग करू नका, धडधाकट माणसालाही त्याने मळमळतं.

नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि मिहानच्या एम्स या सरकारी दवाखान्यांमध्ये कान-नाक-घसा आणि फिजिओथेरपीवाल्यांनी मिळून आठवड्यातून एक दिवस फक्त अशा पोरांसाठी ओपीडी ठेवावी. साधा हेडसेट बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत येतो, डीन साहेबांना बजेटचं कारण सांगता येणार नाही. तुमच्या पेपरने तेवढं त्यांना विचारावं.

एक मामा, प्रतापनगर, नागपूर