भायखळा स्थानकाच्या भिंतीसाठी : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार,
यांस सादर नमस्कार.

मी मध्य रेल्वेचा पासधारक. भायखळ्याला उतरल्यावर मागून रेटा असतो, वर बघायला सवड नसते. तरीही माझी नजर रोज त्या दगडी भिंतीकडे जातेच.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी इथूनच पुढे गेली. तेव्हा भायखळ्याचे स्थानक लाकडी होते, दगडी इमारत १८५७ साली पुरी झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बांधकामाला हात लागला तो १८७८ साली. म्हणजे जी इमारत पाहायला जगभरातून माणसे येतात, तिच्याहून आमचे हे लोकलचे स्थानक वयाने थोरले आहे.

मधल्या काळात भायखळ्याच्या इमारतीवर रंगाचे थर चढत गेले. २०१९ साली वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जतनाचे काम सुरू झाले. थर उतरले, खालचा दगड दिसू लागला. पैसा देणगीतून आला. २०२२ साली काम पुरे झाले आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा पुरस्कारही मिळाला. मला पुरस्कारापेक्षा मोठी वाटते ती एक गोष्ट : हे सगळे चालू असताना लोकल थांबत होत्या, आम्ही चढत-उतरत होतो. गर्दीचे स्थानक आहे म्हणून वारसा जपता येत नाही, ही सबब भायखळ्याने खोटी पाडली.

माझी चिंता पुढची आहे. त्या काळच्या दगडी भिंतींचे सांधे चुन्याचे असत. भिंतीत मुरलेला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो. त्याच सांध्यात सिमेंट भरले किंवा वरून ऑइल पेंट फासला, की ओल आत अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे एका पावसात दिसत नाही. दहा-पंधरा वर्षांनी दिसते, तोवर ठेकेदारही बदललेला असतो आणि अधिकारीही. एका जुन्या स्थानकावर (नाव लिहीत नाही) केबल नेण्यासाठी कोरीव दगडात ड्रिल घातलेले मी पाहिले. काम करणाऱ्या पोराचा दोष नव्हता. हा दगड वेगळा आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून मागणी एवढीच. भायखळा, वांद्रे, रे रोड या मुंबईच्या वारसा यादीतल्या उपनगरी स्थानकांवर भिंतीला भोक पाडायचे, गिलावा करायचा, रंग द्यायचा किंवा फलक ठोकायचा, तर आधी जतनाचे प्रशिक्षण घेतलेल्या अभियंत्याची लेखी मंजुरी लागावी. आणि देखभालीचा खर्च दरवर्षी रेल्वेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा. देणगीतून एकदा जीर्णोद्धार होईल, पण कौलांमधले गवत दरवर्षी काढायला देणगीदार कुठून येणार?

अमृत भारत योजनेत देशभरची स्थानके नवी होत आहेत. सरकते जिने, रुंद पादचारी पूल हवेतच, त्यावाचून आमचे रोज हाल होतात. फक्त ते जुन्या भिंतीला खेटून किंवा तिच्यात खांब रोवून होऊ नयेत.

गळती रोखण्याची आणि रंगाची बहुतेक कामे पावसाळ्याच्या तोंडावर घाईने निघतात. या मंजुरीचे परिपत्रक त्याआधी निघावे, ही विनंती.

आपला,
भायखळ्याला उतरणारा एक प्रवासी