पवनचक्की घेण्याआधी वर्षभर वारा मोजावा

महोदय,

छोट्या पवनचक्क्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पाती, जनित्र, बॅटरी यांची माहिती नेटकी होती. मात्र ‘आपल्या जागेचा सरासरी वारा मोबाइलवर पाहा आणि त्यानुसार यंत्र निवडा’ या एका ओळीपाशी मी अडखळलो. जागेचा वारा ठरवताना मीही एकदा फसलो आहे, म्हणून त्या पुरवणीला ही माझी छोटी पुरवणी.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 4 चा घन 64 आणि 5 चा 125. सेकंदाला 4 मीटर आणि 5 मीटर वेगाच्या वाऱ्यातला फरक अंगाला जेमतेम जाणवतो, पण शक्ती जवळपास दुप्पट झालेली असते. वेग मोजताना 10 टक्के जास्त धरला, तर शक्तीचा अंदाज 33 टक्क्यांनी फुगतो. एवढी चूक हिशेबाच्या पहिल्याच ओळीत शिरणार असेल, तर अमक्याची पाती तमक्यापेक्षा दोन टक्क्यांनी सरस की नाही यावर काथ्याकूट करण्यात काय हशील? शिवाय पाती कितीही उत्तम असली तरी वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून अधिक शक्ती काढून घेता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.

मोबाइलवर दिसणारा आकडा बहुधा संगणकाने काही किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेला असतो आणि तोही मोकळ्या जागेत जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा. शेजारची इमारत, झाडांची रांग त्याच्या खिजगणतीत नसते. अडथळ्याच्या मागे वारा त्या अडथळ्याच्या दुप्पट उंचीपर्यंत आणि मागे त्या उंचीच्या दहा-वीस पट अंतरापर्यंत गढूळ झालेला असतो. अशा भोवऱ्यांत पवनचक्की सारखी तोंड फिरवत राहते. वीज कमी आणि झीज जास्त. उलट मोकळ्या सपाट जागेत 10 मीटरवरून 20 मीटरवर गेलो की वेग साधारण 10 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वर सांगितलेला तो एक तृतीयांश आपल्या बाजूने मिळतो.

मोबाइलवर भरवसा नको म्हणून मी वाट्यांचा ॲनेमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण, आणला आणि सोयीचे म्हणून गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी बसवला. काही महिने रोज आकडे उतरवून घेतले. मग दिशेनुसार नोंदी वेगळ्या केल्या तेव्हा पश्चिमेचा वारा सगळ्यांत दुबळा निघाला. प्रत्यक्षात पश्चिमेकडून वारा सुटला की झाडांचे शेंडे वाकत, दारे आपटत. टाकी पश्चिमेला होती! इतके महिने मी टाकीचा आडोसा मोजत बसलो होतो. दिशा नोंदवली नसती, तर हे कळलेही नसते. म्हणून वेगाबरोबर दिशादर्शकही हवाच.

मोजणी पवनचक्कीच्या नियोजित जागी, तिच्या पात्यांच्या मध्याइतक्या उंचीवर व्हावी. उपकरण खांबाच्या टोकावर तरी असावे, नाहीतर लांब आडव्या दांड्यावर, कारण खांबाचाही वाऱ्याला आडोसा होतो. ते ओळंब्यात असावे. आणि त्याचे अंशांकन, म्हणजे आकडे खरे येतात का याची पडताळणी, झालेले असावे. वाट्यांचा ॲनेमोमीटर 1846 मध्ये बनवणाऱ्या रॉबिन्सन यांची समजूत होती, की वाट्या केवढ्याही असोत आणि दांडे कितीही लांब असोत, वाट्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानेच फिरतात. ती चूक होती. हे प्रमाण उपकरणाच्या बांधणीप्रमाणे बदलते, त्यामुळे वातबोगद्यात, म्हणजे ठरावीक वेगाचा वारा सोडणाऱ्या बोगद्यात, तपासल्याखेरीज त्याच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

सरासरीबद्दलही थोडे. दोन तास 2 मीटर आणि एक तास 8 मीटर वेगाने वारा वाहिला, तर सरासरी 4 येते. त्या 4 चा घन 64, पण तिन्ही तासांचे घन काढून त्यांची सरासरी घेतली तर 176! म्हणजे नुसती सरासरी पाहून चांगली जागाही नाकारली जाईल. दुसरीकडे, बहुतेक छोटी यंत्रे 3-4 मीटरखाली वीजच देत नाहीत, म्हणजे ते दोन तास ती उभीच राहणार. म्हणून दर 10 मिनिटांची सरासरी साठवावी, कोणत्या वेगाचा वारा किती तास होता हे काढावे आणि त्या तासांना यंत्राच्या वीज-वक्राशी (कोणत्या वेगाला किती वीज, हे दाखवणाऱ्या आलेखाशी) गुणावे. विक्रेता ‘एक किलोवॉट’ म्हणतो तेव्हा तो आकडा कोणत्या वेगाचा, हेही विचारावे. अनेकदा तो 11-12 मीटरचा असतो, आणि असा वारा आपल्याकडे किती तास असतो ते नोंदवहीच सांगेल.

हे सगळे किमान एक वर्ष चालावे, म्हणजे सगळे ऋतू येतात. ते वर्ष नेहमीसारखे होते की नाही, हे जवळच्या हवामान केंद्राच्या जुन्या नोंदींशी ताडून कळते. फार वेळखाऊ वाटेल, पण ब्रिटनमध्ये इमारतींवर बसवलेल्या छोट्या पवनचक्क्यांची ‘वॉरिक विंड ट्रायल्स’ ही चाचणी झाली, तेव्हा प्रत्यक्ष वीज अंदाजांपेक्षा फारच कमी भरली. आधी धरलेला वारा छपरावर नव्हताच.

पुढच्या अंकात मोबाइलच्या त्या सल्ल्याला एका ओळीची दुरुस्ती जोडावी, एवढी विनंती. माझ्यापुरते सांगायचे तर ॲनेमोमीटर उंच खांबावर हलवून मी वर्षभराचा हिशेब पुन्हा मांडला, आणि पवनचक्कीचा बेत सोडून दिला. ॲनेमोमीटर मात्र अजून वरच आहे; सवयीने रोज आकडे पाहतो.

आपला,
एक नियमित वाचक